५५ हजारांचा कॉर्डरॉयचा बूट घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नायकीने शॉन वॉदरस्पून या जुन्या कपड्यांच्या दुकानदाराबरोबर काढलेला एअर मॅक्स १/९७, म्हणजे कॉर्डरॉय या बारीक उंचवट्यांच्या कापडाचा तो रंगीबेरंगी बूट, वसईतले एक गृहस्थ ५५ हजारांना देतायत. जोड २०१८ चा, एकदाही पायात घातलेला नाही, खोक्यासकट जसाच्या तसा. तुम्हाला तो कपाटात ठेवायचा नाही, शनिवार-रविवारी घालायचा आहे. दिसायला कसा, पायाला कसा आणि पैसे वसूल होतील का, असं तिन्ही विचारलंत.

मी पुण्यात स्नीकर दुरुस्त करतो. त्याआधी अकरा वर्षं बुटांच्या कारखान्यात फर्म्यावर अपर, म्हणजे सोलच्या वरचा बुटाचा भाग, ओढायचं काम केलं. त्यामुळे बूट हातात आला की माझी नजर आधी सोलकडे जाते आणि रंगाकडे सगळ्यात शेवटी. उत्तरही त्याच क्रमाने देतो. मत मात्र आत्ताच सांगून टाकतो: ‘न घातलेला’ या शब्दासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. या बुटाला इतकी वर्षं पाय लागला नाही ही गोष्ट विक्रेत्याला अभिमानाची वाटत असेल, मला काळजीची वाटते.

कारण असं. या बुटाचा सोल एअर मॅक्स १ चा आहे. त्यात अपर आणि रबर यांच्यामध्ये जो जाड थर असतो, ज्याला मिडसोल म्हणतात, तो पॉलियुरेथेनचा फोम. आम्ही नुसतं पीयू म्हणतो. पायाला तो छान लागतो, ईव्हीए या दुसऱ्या, हलक्या फोमसारखा लवकर दबून बसत नाही. पण त्याला दमट हवा मानवत नाही. बुटांच्या बऱ्याचशा पीयूमध्ये रेणूंच्या लांब साखळ्या एस्टरच्या दुव्यांनी जोडलेल्या असतात आणि पाणी नेमके तेच दुवे तोडतं. याला हायड्रोलिसिस म्हणतात. वरून काहीच कळत नाही. रंग तसाच, आकार तसाच आणि आतून फोम भुसभुशीत होत जातो. बूट घाला नाहीतर घालू नका, कारखान्यातून निघाल्या दिवसापासून हे चालू असतं. वापरातल्या बुटाचा फोम दर पावलाला दाबला जातो, सुटतो, आतली दमट हवा हलत राहते, म्हणून तो त्यातल्या त्यात जास्त टिकतो. खोक्यात बंद असलेला बूट त्याच ओलाव्यात मुरत बसतो. सात-आठ वर्षं झाली की कुठल्याही पीयू सोलवर मी डोळे झाकून भरवसा ठेवत नाही. कोरड्या हवेत नीट ठेवलेले जोड दहा-बारा वर्षं गेलेले पाहिलेत आणि समुद्राकाठच्या घरात सहा वर्षांत संपलेलेही पाहिलेत. तुम्ही वसई म्हणालात तेव्हा मी सावध झालो तो यामुळे.

गेल्या वर्षी मे महिन्यात एक मुलगा प्लास्टिकची पिशवी घेऊन दुकानात आला. कंपनी कुठली होती ते सांगत नाही, वेगळ्याच बुटाची गोष्ट आहे. बहिणीच्या हळदीला घालायचे म्हणून त्याने ते बूट नऊ वर्षं जपून ठेवले होते. हळदीच्या दिवशी घातले, अर्धा तास नाचला आणि मांडवातल्या सतरंजीवर पिवळट चुरा पडायला लागला. कुणाच्या तरी ताटातला लाडू सांडला असेल असंच सगळ्यांना आधी वाटलं. पिशवीतला एक बूट पुरता फुटला होता, दुसरा वरवर शाबूत होता. त्या दुसऱ्याच्या टाचेपाशी मी अंगठा दाबला. चांगला फोम अंगठ्याला परत ढकलतो. हा चिखलात रुतावा तसा रुतला आणि अंगठा काढल्यावर खळगा तिथेच राहिला. कडेला नख लावलं तर पापुद्रा सुटून आला, बोटाला चिकट लागला. अपर मात्र नवंकोरं, शिवणीचा एक टाका ढळलेला नव्हता. जपून ठेवले म्हणून गेले, हे त्या मुलाला काही केल्या पटेना. मलाही समजावताना वाईट वाटत होतं.

तर वसईला जाल तेव्हा आधी जिभेच्या आतलं लेबल बघा. त्यावर साइजच्या जवळ उत्पादनाची तारीख बारीक अक्षरांत छापलेली असते, बहुधा दोन तारखा, अमेरिकन पद्धतीने महिना आधी आणि दिवस नंतर. विकत घेतल्याच्या तारखेला काही अर्थ नाही, वय या तारखेपासून मोजायचं. त्याच लेबलवर एजे४२१९-४०० हा क्रमांक असला पाहिजे आणि खोक्यावरच्या लेबलशी तो जुळला पाहिजे. मग बूट उजेडात घ्या आणि टाचेच्या वर, चवड्याखाली आणि आतल्या बाजूच्या कमानीपाशी अंगठ्याने दाबून बघा. दोन्ही बुटांचं करा, एक ठीक असला म्हणून दुसरा ठीक असेलच असं नाही. नंतर एका हातात टाच, दुसऱ्या हातात नाक धरून बूट चवड्याच्या ठिकाणी हळूहळू वाकवा. मिडसोलवर केसासारख्या बारीक चिरा उमटल्या किंवा कोरडा चर्र आवाज आला तर तिथेच थांबा. रबर आणि मिडसोल जिथे भेटतात त्या रेषेवरून नख फिरवा. नख आत शिरलं तर सोल्यूशनने, म्हणजे चिकटवायच्या गोंदाने, हात सोडला आहे. हा दोष त्यामानाने किरकोळ, परत चिकटवता येतो. फोम गेला की मात्र चिकटवायला काही उरत नाही.

टाचेच्या खिडकीतून दिसणाऱ्या एअर युनिटची, म्हणजे हवेच्या पिशवीची, मला फारशी चिंता वाटत नाही. ते वेगळ्या, चिवट प्लास्टिकचं असतं. दाबल्यावर फुस्स आवाज येत नाही आणि दोन्हीकडे सारखा ताण लागतो एवढं बघितलं की पुरे. जाता जाता सांगतो, त्या पिशवीत साधी हवा नसते. पूर्वी त्यात सल्फर हेक्झाफ्लोराइड भरत. वातावरण तापवण्यात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट जोरकस. तो काढून नायट्रोजन टिकवता येईल असं युनिट बनवण्यात नायकीची चौदा वर्षं गेली, २००६ पर्यंत. बुटाच्या टाचेतल्या एवढ्याशा पिशवीमागे केवढं काम असतं, ते आठवलं की मला या धंद्याबद्दल फार आपुलकी वाटते.

शेवटची चाचणी म्हणजे बूट घालून दहा मिनिटं चालायचं, खोलीत, फरशीवर. ‘डेडस्टॉक आहे (म्हणजे न वापरलेला जुना माल), घालू देणार नाही’ असं विक्रेते म्हणाले तर त्यांचा हक्क आहे. पण मग ती शोभेच्या वस्तूची किंमत झाली. तुम्हाला घालायचा बूट हवा आहे, तुम्ही त्या किमतीला बांधील नाही.

आता पाय. हा बूट दोन बुटांचं कलम आहे. वरचा आकार एअर मॅक्स ९७ चा, खालचा सोल एअर मॅक्स १ चा. ९७ ख्रिश्चन ट्रेसरने काढला. त्याच्या अंगावरच्या आडव्या लाटा जपानी बुलेट ट्रेनवरून घेतल्या असं लोक सांगतात, पण खुद्द ट्रेसरने पाण्यात थेंब पडल्यावर उठणाऱ्या तरंगांचं नाव घेतलं आहे. ९७ चं खरं वैशिष्ट्य टाचेपासून बोटांपर्यंत सलग असलेलं एअर युनिट. ते या बुटात नाही. एअर मॅक्स १ चं युनिट फक्त टाचेत असतं, पुढे नुसता फोम. म्हणजे ९७ घातल्यावर पाय जसा गादीवर उभा राहतो तसं इथे होणार नाही. टाच मऊ, चवडा जरा घट्ट. मला स्वतःला हेच बरं वाटतं, कारण चालताना जमीन कळते आणि सोल हलका राहतो. कुणी ‘९७ चा आराम मिळेल’ म्हणून विकत असेल तर ते चूक आहे, एवढं धरून चला.

उन्हाळ्यात हा बूट गरम होतो. जाळीचा भाग नावापुरता, बाकी थरावर थर कापड. तीन-चार तासांच्या फिरण्याला हरकत नाही, दिवसभर उभं राहायचं असेल तर पाय उकडतील. कॉर्डरॉय चामड्यासारखा पायाचा आकार घेत नाही. चामडं पंधरा दिवसांत करंगळीपाशी सैल होतं, हे कापड मऊ पडतं पण फारसं ताणलं जात नाही. म्हणून पहिल्या दिवशी करंगळीला लागलं तर पुढेही लागणार आहे.

हे मुद्दाम सांगतोय, कारण आपले पाय पुढून रुंद असतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांच्या पायांची थ्रीडी स्कॅनरने मापं घेतली. आपल्याकडचे पाय युरोप-अमेरिकेच्या मापांच्या मानाने रुंद आहेत असं त्यात निघालं. त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धतीही त्यांनी मांडली. माझ्या गिऱ्हाइकांतले अर्धे लोक लांबीला एक साइज मोठे बूट घालतात, फक्त रुंदी मिळावी म्हणून. मग टाच वर-खाली होते, आतलं अस्तर घासून फाटतं आणि दोष बुटाला जातो. ९७ चा आकार मुळात निमुळता आहे. तुमच्या नेहमीच्या नायकी साइजपेक्षा अर्धा मोठा घ्या, त्याहून मोठा नको. समोरचा जोड तुमच्या नेहमीच्या साइजचा असेल आणि पाय रुंद असेल, तर रंग कितीही आवडला तरी सोडून द्या. संध्याकाळी जा. दिवसभराच्या चालण्याने पाय थोडा फुगलेला असतो, खरं माप तेव्हाच कळतं. नेहमी जे मोजे घालता तेच घालून जा.

आता रंग. तुम्ही लिहिलंत की बहीण म्हणाली, ‘जत्रेतला बूट दिसतोय.’ मला तसं वाटत नाही आणि का नाही ते सविस्तर सांगतो.

वॉदरस्पून हा जुन्या कपड्यांचा दर्दी. व्हर्जिनियातल्या रिचमंडला त्याने मित्रांबरोबर राउंड टू नावाचं जुन्या कपड्यांचं आणि बुटांचं दुकान काढलं, पुढे लॉस एंजेलिसलाही ते उघडलं. २०१७ मध्ये नायकीने बारा जणांना एअर मॅक्सची नवी रूपं करायला सांगितली आणि लोकांची मतं घेतली. त्यात याचा बूट निवडून आला आणि २६ मार्च २०१८ ला, एअर मॅक्सच्या वाढदिवशी, बाजारात आला. कॉर्डरॉय त्याने १९८० च्या दशकातल्या जुन्या टोप्यांवरून घेतला. म्हणजे रंग निवडणाऱ्याच्या डोळ्यांसमोर धुवून धुवून विटलेले कपडे होते. निळा, पिवळा, गुलाबी, हिरवा असे सगळे रंग आहेत, पण एकही रंग पुरा भडक नाही. सगळे सारखेच उतरलेले.

आजीची गोधडी आठवून बघा. तिच्यात लाल लुगड्याच्या शेजारी पोपटी परकराचा तुकडा असतो, त्याच्याशेजारी आजोबांच्या सदऱ्याची निळी पट्टी. नव्या कापडांची अशी गोधडी शिवली तर डोळ्याला खुपेल. आजीची खुपत नाही, कारण ती सगळी कापडं एकाच घरात, एकाच पाण्याने, तितकीच वर्षं धुतली गेलेली असतात. या बुटाचं रंगकाम त्याच तत्त्वावर उभं आहे. शिवाय कापड एकच. रंग बदलतात, पोत बदलत नाही. कॉर्डरॉयच्या बारीक उंचवट्यांवर उजेड पडला की प्रत्येक पट्टीला फिकी आणि गडद अशा दोन छटा येतात. एका पट्टीवरून बोट पुढे फिरवा, मग मागे. लव उलटी झाली की तोच निळा रंग एक पायरी गडद दिसतो. फोटोत हे येत नाही, त्यामुळे फोटोत बूट सपाट आणि भडक वाटतो. बहिणीला प्रत्यक्ष दाखवा, कदाचित मत बदलेल.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. या पट्ट्यांच्या कडा मुद्दाम कच्च्या सोडल्या आहेत, दुमडून शिवलेल्या नाहीत. वापराने त्यांच्या दशा निघणार, आणि करणाऱ्याच्या मनात तेच होतं. मला तो भाग फार आवडतो, वापरलेला जोड नव्यापेक्षा सुंदर दिसतो असे बूट थोडे. पण दशा बघून तुमचा जीव खालीवर होणार असेल तर हा बूट तुमचा नाही. काही जण दशा लायटरने जाळतात. पॉलिएस्टरच्या दोऱ्याला ते चालतं, कॉर्डरॉय बहुधा सुती असतो, तो पेट घेतो आणि काळा डाग कायमचा राहतो. बारीक कात्रीने, लोंबणारा धागा तेवढा कापायचा.

घालायचा कशावर? खाली एवढे रंग असताना वर शांतता हवी. गडद निळी जीन्स आणि पांढरा किंवा मातकट शर्ट उत्तम. खादीचा साधा कुर्ता आणि जीन्स यावर तर हा बूट फारच खुलतो, कारण दोन्ही कापडं हाताला खरखरीत, एकमेकांची भाषा समजणारी. पँट घोट्यापर्यंतच असू द्या, लांब पँटखाली लाटांचा वरचा अर्धा भाग झाकला जातो आणि मग एवढे पैसे कशाला घातले असं होतं. मोजे एका रंगाचे, बुटातल्याच एखाद्या फिकट पट्टीशी जुळणारे.

तुम्ही दुसरा पर्याय म्हणून नायकीचाच, बेन अँड जेरीज आइस्क्रीमबरोबर काढलेला डंक विचारलात, चंकी डंकी. तो मे २०२० चा, मूळ किंमत १०० डॉलर. बूट म्हणून तो वेगळ्या जातीचा. डंक १९८५ चा, पीटर मूरने कॉलेजच्या बास्केटबॉल संघांसाठी केलेला. स्केटबोर्डिंगसाठीची एसबी मालिका २००२ पासून. त्याचा तळ म्हणजे रबराची वाटी, अपरला कडेने शिवलेली. उघड्यावर पीयू नाही, त्यामुळे वय झालं तरी पायाखाली चुरा होण्याची भीती कमी. एसबीमध्ये टाचेखालची झूम एअर नावाची हवेची गादी इनसोलमध्ये, म्हणजे आतल्या सुट्या तळव्यातच, असते. इनसोल दबला तर दुसरा टाकता येतो, काम पाच मिनिटांचं. जीभ जाड, फुगीर, तिला दोन्हीकडून इलॅस्टिकच्या पट्ट्या. घोट्याला आराम, पण रुंद पायाला वरून दाब. तळ सपाट आहे, लांब चालायला मला तो मानवत नाही. दोन तासांनी टाच बोलते.

दिसण्यात मात्र मी त्याला कमी गुण देईन. त्या बुटात निळं आकाश, हिरवं कुरण, गायीसारखी केसाळ काळी-पांढरी कातडी आणि वितळणाऱ्या आइस्क्रीमसारखा ओघळता पिवळा स्वूश, म्हणजे नायकीची खूण, आहे. आतून वेगवेगळ्या रंगांचं टाय-डाय. कल्पना मजेदार, काम सफाईचं, पण प्रत्येक तुकडा स्वतःचं वेगळं सांगतोय. टेबलावर ठेवून बघायला तो आनंद देतो. पायात घातला की माणूस मागे पडतो आणि बूट पुढे. वॉदरस्पूनचा बूट लांबून नुसता रंगीत दिसतो, जवळ गेल्यावर उलगडतो. रोजच्या वापरात असा जवळून उलगडणारा बूट जास्त काळ आवडता राहतो, असा माझा गिऱ्हाइकांवरून झालेला अनुभव. केसाळ भाग तर आपल्या पावसाळ्यात सांभाळणं कठीण, चिखलाचा शिंतोडा केसांच्या मुळाशी बसला की ब्रशने नीट निघत नाही.

पैशांचं गणित आता सोपं होतं. वॉदरस्पूनचा बूट आला तेव्हा १६० डॉलरचा होता, तेव्हाच्या दराने साडेदहा हजारांच्या आत. आज मागतायत त्यातला वरचा सगळा पैसा दुर्मिळपणाचा आणि गोष्टीचा. त्यात वाईट काही नाही, मी स्वतः अशा गोष्टींसाठी पैसे मोजलेत. पण घालायला घेताय तर बूट किती वेळा पायात जाईल ते मोजा. समजा ५५ हजारांना घेतला आणि सोलने दोन वर्षं साथ दिली. वर्षाला तीस वेळा घातला तर साठ वेळा. एका वेळेचे नऊशेच्या वर पडले, आणि शेवटच्या दिवशी पायाखाली चुरा.

दुसरा मार्ग सोल बदलण्याचा. आम्ही हे काम करतो आणि चांगलं होतं. तुमच्याच साइजचा साधा, नवा एअर मॅक्स १ घ्यायचा, त्याचा सोल काढायचा आणि या अपरला लावायचा. जुनं सोल्यूशन उष्णतेने आणि सॉल्व्हंटने सोडवायचं, जुन्या फोमचा कण न् कण अपरच्या तळावरून खरवडायचा, प्रायमर, मग उष्णतेने जागं होणारं सोल्यूशन, मग प्रेसखाली दाब. चामड्यापेक्षा कॉर्डरॉयवर हे नाजूक. सॉल्व्हंट कापडात चढला तर रंग पसरतो, म्हणून कडेने टेप लावून थेंबाथेंबाने काम करावं लागतं. सोल देणारा जोड निवडताना एक चूक हमखास होते. २०२३ पासून ‘८६ बिग बबल’ नावाचा एअर मॅक्स १ मिळतो, त्याची खिडकी मोठी आहे, सोलची ठेवणही वेगळी. तो या कामाला घेऊ नका, साधाच घ्या.

सोलचा जोड बारा-साडेबारा हजार आणि मजुरी साडेचार हजार धरली तर सतरा हजारांचं काम. म्हणून या बुटाची तुमच्यासाठी किंमत ५५ मधून हे १७ वजा करून, म्हणजे ३८ हजार. त्यावर जाऊ नका. ३८ ला घेतलात, सोल बदललात, एकूण खर्च तोच ५५ हजार. पण नवा सोल सहा वर्षं जाईल असं धरलं तर वर्षाला तीस वेळा या हिशेबाने एकशेऐंशी वेळा घालता येईल, एका वेळेचे तीनशे रुपये. शौकाची वस्तू म्हणून हा भाव मला पटतो. सोल बदलला की पुनर्विक्रीची किंमत पडते हे खरं. तुम्ही विकायला घेत नाही असं लिहिलंत, म्हणून त्याचा विचार मी केला नाही.

याहून स्वस्त वाट म्हणजे वापरलेला, दशा निघालेला जोड शोधणं. तो बराच कमी किमतीत मिळतो, अपर मऊ झालेलं असतं आणि सोल तर तुम्हाला तसाही बदलायचाच आहे. अपर नीट असेल, टाचेतलं काउंटर, म्हणजे टाचेला आकार देणारा आतला ताठ तुकडा, मोडलेलं नसेल, आतलं अस्तर फाटलेलं नसेल, तर बाकी सगळं माझ्यासारख्याच्या हातात आहे. तुमच्या जागी मी असतो तर हाच शोधला असता.

नकली मालाबद्दल दोन शब्द. या बुटाच्या नकला भरपूर झाल्या आहेत आणि काही बऱ्या उतरल्या आहेत. एकट्या फोटोवर मी कधीच मत देत नाही. कॉर्डरॉयचे उंचवटे पट्टीभर सारख्या जाडीचे आहेत का, लाटांच्या रेषा डाव्या-उजव्या बुटात आरशासारख्या जुळतात का, टाचेकडून बघितल्यावर दोन्ही सरळ उभे राहतात का, हे बघा. नकलेत कापड स्वस्त असतं, लव विरळ असते, बोट उलटं फिरवल्यावर छटा बदलत नाही. माझ्याकडे एकाने असा जोड चाळीस हजारांना घेऊन आणला होता. बिल नव्हतं, विकणाऱ्याचा फोन लागत नव्हता. पैसे बँकेतून द्या आणि विक्रेत्याकडून मूळ खरेदीची पावती किंवा ईमेल मागा. २०१८ ला रीतसर घेतला असेल तर काहीतरी कागद निघतो.

घेतलात तर सांभाळायचं असं. जून ते सप्टेंबर घराबाहेर घालू नका. सुती कापड पाणी पितं, चिखलाचं पाणी तर सगळ्यात लवकर, आणि एका पट्टीचा रंग दुसरीत उतरण्याची शक्यता असते. धूळ कोरड्या मऊ ब्रशने, उंचवट्यांच्या दिशेनेच काढा, आडवा ब्रश मारला तर लव चपटी होते. डाग पडलाच तर गार पाण्यात सौम्य साबणाचा फेस करून फक्त फेस लावा, टॉवेलने टिपा, पंख्याखाली वाळवा. वॉशिंग मशीन नको. उन्हात तर अजिबात नको, हे फिकट रंग आणखी उतरायला वेळ लागत नाही. खोक्यात ठेवायचा असेल तर आधी पूर्ण वाळू द्या, आत कागदाचे बोळे आणि सिलिकाच्या पुड्या घाला, पुड्या दर दोन महिन्यांनी बदला. आणि पावसाळ्यातसुद्धा पंधरा दिवसांतून एकदा घरातच घालून अर्धा तास वावरा, फोम हलता राहू द्या.

जाण्याआधी विक्रेत्याकडून जिभेच्या लेबलचा स्पष्ट फोटो मागवा. तारखा २०१७ च्या शेवटच्या किंवा २०१८ च्या सुरुवातीच्या नसतील, तर वसईचा फेरा वाचला. असतील तर वर सांगितल्याप्रमाणे अंगठा दाबून बघा आणि मिडसोलचा, चवड्यापाशी वाकवलेला असा, एक फोटो मला पाठवा. चिरा आहेत की नुसत्या घड्या, ते मी बघून सांगतो.